उंची वाढवणाऱ्या पावडरींच्या जाहिराती थांबवा

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत सध्या उंची वाढवणाऱ्या पावडरीची जाहिरात येतेय, 'ग्रोथ हार्मोन वाढवा' असं मोठ्या अक्षरात, आणि आमच्या देवगडात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं ती खरंच विकत घेतायत. एसटी स्टँडजवळच्या दुकानात डबा हातात घेऊन बघितला, मागे बारीक अक्षरात काय तर दूध पावडर, साखर, कोको, अश्वगंधा. हार्मोनचा पत्ताच नाही. आणि असतं तरी काय उपयोग, ग्रोथ हार्मोन म्हणजे 191 अमिनो आम्लांची साखळी, प्रोटीनच ते, पोटात गेलं की पचून जाणार. इन्सुलिन टोचून का घ्यावं लागतं, त्याचंही कारण हेच.

खरं काय होतं तर मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी ग्रंथी असते, तिथून ग्रोथ हार्मोन सुटतं, ते लिव्हरला आयजीएफ-1 नावाचं वाढीचं प्रोटीन बनवायला लावतं आणि मग हाडांच्या टोकाला जी कूर्चा असते तिच्यातल्या पेशी वाढतात, विभागतात, तेव्हा उंची वाढते. वयात आल्यावर त्या कूर्चेचं हाड झालं की विषय संपला. भरतीला उतरणाऱ्या बहुतेक पोरांचं ते झालेलं असतं हो!

यातलं विज्ञान केवढं भारी आहे, ते छापा ना. प्रोइन्सुलिन, म्हणजे इन्सुलिन बनण्याआधीचं त्याचं पूर्वरूप, 86 अमिनो आम्लांचं, त्यातला मधला तुकडा कापला जातो तेव्हा 51 चं इन्सुलिन होतं, हे डोनाल्ड स्टायनर यांनी 1967 मध्ये दाखवलं. आयजीएफ-1 त्याच घराण्यातलं, फक्त त्यात मधला भाग तसाच राहतो. अशी पूर्वरूपं म्हणजे नारळाचं सोडण, स्वतःचं काही काम नसलेली, असं आधी वाटायचं, पण गॅस्ट्रिन या जठरातल्या हार्मोनचं पूर्वरूप प्रोगॅस्ट्रिन उंदरांच्या मोठ्या आतड्यातल्या पेशी स्वतःच वाढवतं असं दिसलंय. आयजीएफ-1 सुद्धा कॅन्सरच्या पेशींना वाढायला मदत करू शकतं. म्हणून जिममध्ये चोरून मिळणाऱ्या इंजेक्शनांची मला पावडरीपेक्षा जास्त भीती वाटते, मोठेपणी ग्रोथ हार्मोन जादा झालं तर उंची नाही वाढत, जबडा आणि हातपाय मोठे होतात, हृदयावरही ताण येतो.

तेव्हा ही जाहिरात बंद करा ही कळकळीची विनंती. त्याच जागेत एवढंच छापा की मूल वयाच्या मानाने बुटकं वाटलं तर लहानपणीच डॉक्टरांना दाखवा, हाताचा एक्सरे काढून हाडांचं वय कळतं आणि खरंच हार्मोन कमी असेल तर वेळेत इलाज होतो.

आपला,
एक नियमित वाचक, देवगड