सायक्लिकटेस्टमधल्या त्या उड्या : ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सल्ल्यामुळे आमचं सीएनसी (संगणकाने चालणारं) यंत्र आता अडखळत नाही. पत्र जाहीर लिहितोय, कारण लिनक्ससीएनसी (अशी यंत्रं चालवणारी प्रणाली) चालवणारे आणखीही काही जण याच फेऱ्यात असणार.

सर्वो थ्रेड (मोटर सांभाळणारं, ठरावीक वेळाने चालणारं काम) १ मिलिसेकंदाचा, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रिअल-टाइम, म्हणजे वेळ पाळणारा. प्रोग्रॅम ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा जागा होतो हे मोजणारी चाचणी सायक्लिकटेस्ट एरवी ३० मायक्रोसेकंदांच्या आत, मधूनच ३००च्या वर उडी. प्रोसेसरचा एक कोर या कामासाठी वेगळा काढला, सगळे इंटरप्ट (चालू काम थांबवणारे संकेत) दुसरीकडे वळवले, तरी उडी तशीच. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘कर्नलला काय विचारता? त्या वेळी तो जागेवरच नसतो!’

एचडब्ल्यूलॅट ट्रेसर (हार्डवेअरमुळे होणारा उशीर शोधणारं कर्नलमधलं साधन, कर्नल ४.९ पासून आहे) इंटरप्ट बंद करून नुसतं घड्याळ वाचत बसतो. दोन वाचनांत खंड पडला, की प्रोसेसर कुणीतरी वरच्या वर पळवला हे नक्की. उंबरठा १० मायक्रोसेकंद ठेवा आणि चाचणी तासभर तरी चालू द्या, हे तुम्ही बजावलंत ते बरं झालं. मूळ सेटिंगमध्ये तो दर सेकंदातला अर्धाच सेकंद पाहतो. घाईच्या चाचणीत सगळं आलबेल दिसतं. टर्बोस्टॅट या प्रोसेसरची आकडेवारी दाखवणाऱ्या साधनाच्या एसएमआय रकान्यातला आकडा प्रत्येक उडीबरोबर वाढला आणि चोर सापडला : फर्मवेअरचा (बोर्डातच बसवलेल्या प्रोग्रॅमचा) सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट, म्हणजेच एसएमआय. तो ऑपरेटिंग सिस्टिमला रोखता येत नाही, आणि सगळे कोर एकदम थांबवतो. वेगळ्या काढलेल्या कोरचीही सुटका नाही.

बायोसमधला यूएसबी लेगसी सपोर्ट (यूएसबी कीबोर्ड जुन्या पद्धतीने चालवून दाखवणारी सोय) बंद केल्यावर उड्या थांबल्या. (त्यानंतर बूट मेनूत यूएसबी कीबोर्ड चालेलच असं नाही, म्हणून एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकातून आत येण्याची सोय) आधीच सुरू ठेवावं.) एसएमआय सरसकट बंद करण्यापासून तुम्ही आम्हाला आवरलंत, त्याचेही आभार. काही बोर्डांवर तापमानाची राखण त्याच वाटेने होते.

सर्वांत मोलाची मात्र शेवटची टीप. सायक्लिकटेस्ट स्वतःच डेव्ह या फोल्डरमधल्या सीपीयू-डीएमए-लेटन्सी या फाइलमध्ये शून्य लिहिते, त्यामुळे चाचणीभर प्रोसेसर खोल सी-स्टेटमध्ये (वीज वाचवणाऱ्या गाढ झोपेत) जातच नाही. चाचणी स्वच्छ, खरा प्रोग्रॅम मात्र उशिरा जागा होतो. एचडब्ल्यूलॅटलाही हे दिसत नाही. तो पाहत असताना प्रोसेसर झोपतच नाही ना! आता आमचा प्रोग्रॅमही तिथे ३२ बिटांचं शून्य लिहितो आणि शेवटपर्यंत फाइल उघडी ठेवतो. ती बंद केली की खोल न झोपण्याची विनंती रद्द.

लोभ असावा.

आपले,
यंत्र-नियंत्रण विभागातले सर्वजण