धनुष्याची वळलेली टोकं शोभेसाठी नसतात

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पारंपरिक तिरंदाजीवर लेख होता, चांगला होता, पण धनुष्याची टोकं पुढे वळवतात ती "दिसायला छान म्हणून" असं त्यात लिहिलंय, तिथे राहवलं नाही. आणि शेजारच्या फोटोतल्या मुलाने दोरी चक्क उलट्या बाजूने चढवलीये, तसंच ओढलं असेल तर त्या धनुष्याचे आत्तापर्यंत दोन तुकडे झाले असणार.

मी सात-आठ वर्षं हौस म्हणून हे करतोय, कॉम्पिटिशनवाला नाही. फोटोतल्या प्रकाराला आमच्यात स्टॅटिक टिप म्हणतात, म्हणजे वळलेलं टोक कडक असतं, कितीही ओढा ते वाकत नाही, वाकतो तो फक्त मुठीच्या वरचा-खालचा भाग. आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला जे रिकर्व्ह (ऑलिंपिकचं वळलेल्या टोकांचं धनुष्य) घेऊन उतरला त्याचं तसं नाही, ती टोकं ओढताना उलगडतात. तुर्की, मंचू (ईशान्य चीनमधले), आपल्याकडची मुघल काळातली शिंगाची कमान, ही सगळी कडक टोकवाली.

आता हे टोक करतं काय? दोरी नुसती चढवलेली असते तेव्हा ती टोकाच्या बुडाशी टेकलेली असते, त्यामुळे सुरुवातीलाच हाताला चांगलं वजन लागतं. ओढत गेलं की एका क्षणी दोरी तिथून उचलली जाते आणि पुढे ते टोक पहारीसारखं काम करतं, लांब पहारीने दगड जसा सोपा हलतो ना, तसं. साध्या आखूड धनुष्याला शेवटच्या दोन-तीन इंचात भिंत लागल्यासारखं होतं, इथे ते होत नाही, आणि बोटंही दोरीच्या कोनात तेवढी चिमटत नाहीत. म्हणून तर घोड्यावर बसून चालेल एवढं आखूड धनुष्य कानापर्यंत ओढता येतं. हा फायदा खरा आहे, मी स्वतः त्याच्यावरच भाळलो.

पण फुकट काही मिळत नाही. टोक कडक ठेवायचं म्हणजे तिथे जास्त माल घालावा लागतो आणि नेमका तोच भाग बाण सोडल्यावर सगळ्यात जोरात पळतो. बाण हलका असला की ताकद त्याच्यात न जाता टोकांतच राहते आणि हाताला असा दणका बसतो की मनगट संध्याकाळपर्यंत आठवण काढतं. म्हणून अशा धनुष्याला बाण जड लागतो, आम्ही धनुष्य ओढायला लागणाऱ्या जोराच्या दर पाउंडाला बाणाचं वजन निदान १० ग्रेन (ग्रॅमपेक्षा बारीक माप) धरतो, म्हणजे ४५ पाउंडाच्या धनुष्याला साधारण २९ ग्रॅम. मंचू लोकांनी टोकं भलीमोठी ठेवली आणि बाणही तसेच लांब-जड वापरले. तुर्कांना लांब उडवायची हौस, त्यांनी त्या खास धनुष्यांची टोकं लहान नि हलकी केली, सुलतान तिसऱ्या सेलीमने १७९८ मध्ये ८८९ मीटर बाण टाकल्याची नोंद आहे. टोक एकच, हिशोब दोन. शिवाय आवाज. दोरी परत टेकते तेव्हा टप्प वाजतं, लोक तिथे लोकरीचा नाहीतर चामड्याचा तुकडा चिकटवतात.

सगळ्यात वाईट म्हणजे पीळ पडणं. माझं पहिलं धनुष्य ऑनलाइन घेतलेलं, ४५ पाउंडाचं, विकणारा म्हणाला बिगिनरला बेस्ट. मे महिन्यात दोन दिवस गाडीच्या डिकीत राहिलं आणि वरचं टोक जरासं, खरंच जरासंच, डावीकडे फिरलं. साधा बांबू असता तर एवढं माफ केलं असतं, पण इथे दोरी टोकाच्या मधोमध बसायला हवी, ती घसरली आणि धनुष्य हातातच उलटं फिरलं. चष्मा गेला, डोळा वाचला. तेव्हापासून दोरी चढवली की आधी लांब धरून दोन्ही टोकं सरळ रेषेत आहेत का ते बघतो, मगच ओढतो.

आणि आपला पाऊस! खरी जुनी कमान म्हणजे लाकूड, शिंग आणि जनावराची तात (स्नायू हाडाला बांधणारी शीर) सरसाने चिकटवलेली, चार महिन्यांच्या दमट हवेत तो सरस ढिला पडणारच. आपल्याकडे पोलादी कमानीही बनायच्या, काही तर मधोमध आटे पाडून दोन तुकडे होणाऱ्या, त्या उगाच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चारही धनुष्यं सांगितलीत, म्हणजे एकट्या शिंगाच्या भरवशावर कोणी बसलं नव्हतं. आता फायबर ग्लासमुळे पावसाची भीती गेली, डिकीची नाही गेली.

मुलांना शिकवायचं तर माझं मत, पहिली दोन वर्षं बांबू. राष्ट्रीय स्पर्धेत इंडियन राउंड नावाचा प्रकार असतोच, त्यात तेच चालतं, स्वस्तही पडतं. वळलेल्या टोकाचं नंतर घ्या, जड बाणांसकट घ्या.

तो फोटो तेवढा दुरुस्त करून छापा. दोरी नसताना धनुष्य ज्या बाजूला वळलेलं दिसतं, त्याच्या उलट बाजूला वाकवून दोरी चढवायची, एवढी ओळ खाली टाकली तरी चालेल.

एक हौशी तिरंदाज, सातारा