मागच्या चाकाचं आतलं ब्रेक पॅड कोण बघतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की गावाला जाणाऱ्यांच्या गाड्या सर्व्हिसिंगला रांगेत लागतात. हवा, वायपर, एसी सगळं बघून होतं, पण मागच्या डिस्क ब्रेकचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मागचे कुठे एवढ्यात जातात". पुढच्या चाकांवर ब्रेकचा जास्त भार येतो हे खरंच आहे, पण आता बऱ्याच गाड्यांना मागेही डिस्क असते आणि ती ड्रमसारखी झाकलेली नसते, पावसाचं पाणी चिखल सगळं तिच्यावर उडतं, कॅलिपर, म्हणजे दोन्ही बाजूंची पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकतात आणि मग पॅड ढकलणाऱ्या पिस्टनकडचं म्हणजे आतलं पॅड एकटंच घासत बसतं.

आमच्या सोसायटीत परवा एका गाडीचं मागचं चाक काढलं. अलॉयच्या फटीतून दिसणारं बाहेरचं पॅड चांगलं जाड, आणि आतलं काढून हातात घेतलं तर मसाला म्हणजे डिस्कवर घासणारा थर जवळजवळ संपलेला, एका कडेला त्यामागचा पत्रा उघडा पडलेला, डिस्कच्या आतल्या बाजूला नख अडकेल एवढे चरे. या गाडीच्या जॉबकार्डवर नुकतंच 'ब्रेक ओके' लिहून आलं होतं! हेच कुटुंब त्या ब्रेकवर आंबा घाट उतरणार होतं, लहान मुलांना घेऊन.

म्हणून कळकळीने सांगतो, एवढं घरी बघता येतं. सपाट जागा घ्या, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, कारण मागची डिस्क फिरवून बघायची तर हँडब्रेक सोडावा लागतो आणि तेव्हा गाडी याच ठोकळ्यांवर असते. नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, मग जॅक, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात डोकं आत घालू नका. मग टॉर्च मारून दोन्ही पॅड बघा. नवीन पॅडचा मसाला साधारण 10 मिमीच्या आसपास असतो, 3 मिमीवर आला की बदलायची तयारी करायची, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. डिस्कचीही किमान जाडी ठरलेली असते, बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली. पावसात गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर येते तो वरचा गंज, तो निघून जातो, पण चीं चीं आवाज रोज येत असेल तर पॅड संपत आलेलं असू शकतं आणि कर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर गाडी पुढे नेऊच नका. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली तर नुसतं ओतून मोकळं होऊ नका, पॅड झिजलं की पातळी आपोआप उतरते, आणि लीक असेल तरीही उतरते, आधी कारण शोधा.

बघणं घरी, पण बदलायचं काम मात्र जाणकाराकडेच द्या असं माझं मत. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असतो, तिथे पिस्टन फिरवत फिरवत आत घ्यावा लागतो, पुढच्यासारखा शिकंजा लावून दाबला तर आतली यंत्रणा मोडते. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी मेंटेनन्स मोडला घ्यावा लागतो. हे न करता जोर लावणारे मेकॅनिक आहेत, त्यामुळे काम द्यायच्या आधी सरळ विचारा, पिस्टन कसा आत घेणार.

आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांकडे माझी एक मागणी आहे, आपल्या पेपरातून ती त्यांच्यापर्यंत पोचावी म्हणून हे पत्र. 'ब्रेक ओके' लिहिणं बंद करा, चारही चाकांच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मिमीमध्ये जॉबकार्डवर लिहा. चाकांची अदलाबदल करायला नाहीतर ब्रेक साफ करायला चाक काढलेलंच असतं, मापायला कितीसा वेळ लागतो? ग्राहकांनीही आकडे लिहिल्याशिवाय जॉबकार्डवर सही करू नये, निदान घाटात जायच्या आधीच्या सर्व्हिसिंगला तरी.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर