सिस्टर, तुम्ही मला घाई केली नाहीत

आदरणीय सिस्टर,
सप्रेम सलाम.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण मिरजेत आणि नात्यागोत्यात मला सारखं विचारतात, "ख्रिस्ती झालास, तुला मिळालं काय? कुणी फूस लावली?" याचं उत्तर चारचौघांत द्यावं आणि तुमचे आभारही चारचौघांतच मानावेत, म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही.

मिशन हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्यावर तुम्ही आमच्या गल्लीत राहायला आलात आणि रोज सकाळी अम्मीला इन्सुलिन द्यायला येऊ लागलात. पैसे कधी घेतले नाहीत. अम्मी कुराण वाचत असली तर चपला काढून दारातच थांबायचात, तिचं वाचून होईपर्यंत. धर्माचा विषय तुम्ही एकदाही काढला नाहीत. तो मी काढला.

माझ्या मनाला काय कुरतडत होतं ते गल्लीतल्या जुन्या माणसांना माहीत आहे. थोरले भाई अंथरुणाला खिळले होते तेव्हा सतारीच्या कारखान्याचे कागद मी माझ्या एकट्याच्या नावावर करून घेतले. त्यांना ते कळलं. ते काही बोलले नाहीत, आणि न बोलताच गेले. तंबोऱ्याची जवारी काढायची, म्हणजे घोडी घासून सूर खुलवायची, त्यांची कानस अजून त्यांच्या जागेवर आहे. तिला हात लावायची माझी हिंमत होत नव्हती.

लहानपणी शिकलेलं मला पाठ होतं: अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क त्या बंद्यानेच माफ करायचा. आणि माझा बंदा तर कबरीत. तौबा केली, जादा रोजे धरले. ज्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे एकटा बसून राहिलो. मी ज्या धर्मात वाढलो त्यात दया नाही, असं मी म्हणत नाही आणि कुणी ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नये. देव दयाळू आहे याबद्दल मला कधीच शंका नव्हती. ती दया माझ्यापर्यंत पोचली की नाही, हे कळायला मला वाट सापडत नव्हती.

हे सगळं मी तुमच्या स्वयंपाकघरात बोललो तेव्हा तुम्ही ताटात तांदूळ निवडत होतात. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, "सोड ते सगळं, येशू माफ करतो." तुम्ही म्हणालात, "तुला शिकवलंय ते खोटं नाही. माणसाचं देणं माणसाला द्यावंच लागतं." मग प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं बायबल पुढे ओढलंत आणि लूकच्या 19व्या अध्यायातली जक्कयाची गोष्ट मला मोठ्याने वाचायला लावलीत. लोकांना नाडून श्रीमंत झालेला जकातदार, झाडावर चढून येशूला बघणारा. वाचून झाल्यावर विचारलंत, "येशू त्याच्या घरी उतरायचं कधी म्हणाला? त्याने पैसे परत करतो म्हटल्यावर, की आधी?" मी पुन्हा वाचलं. आधी. चौपट परत करीन हे जक्कय नंतर बोलला.

सिस्टर, मला जे मिळालं ते तिथे मिळालं. मी वर्षानुवर्षं उलट्या बाजूने चाललो होतो. सगळं फेडून झालं की देव जवळ करील म्हणून. पुढचं तुम्ही अगदी वॉर्डातल्या आवाजात सांगितलंत: "भावाचं देणं भावजयीला दे. जे आता कुणालाच फेडता येणार नाही, ते येशूने क्रुसावर आपल्या अंगावर घेतलंय." महिन्याभरात भाभीच्या नावावर अर्धा कारखाना केला. तिने सही केली, कागद पिशवीत घातले आणि निघून गेली. माफ केलं, असं ती आजवर म्हणालेली नाही. तो तिचा हक्क आहे.

बाप्तिस्म्याची घाई मला होती, तुम्हाला नव्हती. "आधी चारही शुभवर्तमानं वाच, मग पाळकांकडे जा," हेच तुमचं ठरलेलं उत्तर. माझ्या बायकोने यायला नकार दिला आणि मी चिडलो, तेव्हा तुम्ही टिळकांचं सांगितलंत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, लक्ष्मीबाईंचा 1900 सालचा; मधल्या काळात त्या आपल्या मनाने, आपल्या पावलांनी आल्या. आणि वर बजावलंत, "आणि ती आलीच नाही तरी ती तुझी बायकोच. तिच्यावर जोर केलास तर माझ्या दारात येऊ नकोस." ती आजही नमाज पढते. आमचा संसार सुखाचा आहे, त्यात तुमच्या त्या धमकीचा वाटा मोठा आहे.

सर्वांत जास्त आभार मात्र नंतरच्या दिवसांसाठी. बाप्तिस्मा झाला आणि थोड्याच दिवसांत रात्रीची छातीतली जुनी धडधड परत आली. त्याच सुमारास मी इमादुद्दीन लाहिज यांच्याबद्दल वाचलं. पानिपतच्या घराण्यातले हे विद्वान मौलवी. आग्र्याच्या मशिदीत पाद्री फांडर यांच्या विरोधात व्याख्यानं द्यायचे. मनाच्या शांतीसाठी फकीर होऊन वणवण फिरले. 1866 साली अमृतसरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर आपली बेचैनी गेली, तब्येतसुद्धा सुधारली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मी तुमच्याकडे धावत आलो. त्यांची गेली, माझी का जात नाही? माझा विश्वासच खोटा आहे का?

तुम्ही म्हणालात, "पेशंटचा ताप उतरतो, पण अशक्तपणा राहतो. अशक्तपणा दिसला म्हणून आम्ही चार्टवर ताप लिहीत नाही." मग रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाची सुरुवात काढून दिलीत: जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. "हे रात्री तीनलाही तितकंच खरं आहे. तुझ्या छातीत काय होतंय यावर ते ठरत नाही." इमादुद्दीन साहेबांना जे मिळालं त्यासाठी देवाचे आभार मान, पण आपली क्षमा त्यांच्या शांतीच्या मापाने मोजू नकोस, हेही सांगितलंत. त्यानंतर मी स्वतःला तपासत बसणं सोडलं. धडधड अजून होते, क्वचित. क्षमा झाली की नाही हा प्रश्न मात्र मी पुन्हा विचारलेला नाही.

तर विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे. पैसा नाही, नोकरी नाही. एक सिस्टर मिळाली, जिने मला माझ्या भावाचं देणं फेडायला पाठवलं, माझ्या बायकोची बाजू घेतली आणि जिच्या शब्दांवर मी येशूपर्यंत पोचलो.

भाभीचा धाकटा आता कारखान्यात येतो. जवारी शिकतोय, भाईंच्याच कानशीने. हात बापाचा आहे.

अम्मीने सलाम सांगितलाय. तुमच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की कळवा. रिक्षा मी आणतो, आणि चार दिवस जेवणाचा डबा आमच्याकडून येईल. नाही म्हणू नका.

तुमचा,
सतारीच्या गल्लीतला