६२८, वीस इकडे-तिकडे

डोंबिवली, रविवार रात्र

प्रिय पक्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच आहे.

आमच्या चिन्मयने मंगळवारी शाळेच्या मॅचमध्ये नाबाद २१४ काढले. घरात पेढे, सोसायटीच्या ग्रुपवर हारतुरे. कोच म्हणतात, शाळा जरा बाजूला ठेवा. आणि काल रात्री पोरगं अंथरुणातून विचारतं, "बाबा, आता पुढच्या मॅचला किती काढायचे?" मला झोपच आली नाही रे. डोक्यात तो कॉलिन्स.

आर्थर कॉलिन्स. जन्म हजारीबागचा, आई-बाप दोघंही गेलेले. जून १८९९, इंग्लंडातली क्लिफ्टन कॉलेज नावाची शाळा, पोरासोरांची हाउस मॅच, वय १३. नाबाद ६२८! चार-पाच दुपारी मिळून सहा तास पन्नास मिनिटं. शेवटचा गडी पडला म्हणून थांबला. वर ११ विकेटही घेतल्या (तू बॅटिंग झाली की सावलीत आडवा व्हायचास). पण पुढे फर्स्ट-क्लास मॅच एकही नाही. रॉयल इंजिनिअर्समध्ये कॅप्टन झाला, १९१४ मध्ये लग्न केलं आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत गेला. २९ वर्षांचा. कबर नाही, तिथल्या मेनिन गेट स्मारकावर नुसतं नाव. मधली पंधरा वर्षं भेटणारा प्रत्येक जण त्याला त्या दुपारींबद्दलच विचारत असेल का रे?

एका डावात सर्वाधिक धावांचा त्याचा विक्रम ११६ वर्षं टिकला आणि मोडला कुठे, तर आपल्या कल्याणला! जानेवारी २०१६, प्रणव धनावडे, नाबाद १००९. तू तेव्हा फोनवर किंचाळला होतास. मीही. पोर १५ वर्षांचं आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चिन्मयला काय सांगू? हिला विचारलं तर म्हणते, आधी पेढे संपवा.

आता हस. कॉलिन्सचा स्कोअररच म्हणाला होता म्हणे, ६२८, वीस इकडे-तिकडे. वाचलं आणि तुझे ९९ आठवले. सरांनी गुडघ्यावर हात मारला म्हणून मी ती धाव तुझ्या नावावर न टाकता लेगबाय लिहिली, असं आजवर सांगत आलो. खरं सांगू? मी वडापावातल्या मिरचीशी झटत होतो. कुणीतरी "लेगबाय" ओरडलं, मी लिहिलं.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? सविस्तर कळव.

स्कोअरची वही अजून माझ्याकडेच आहे. पेन्सिलने लिहिलेली.

तुझा,
दिल्या