आमदारांच्या पत्राखालचा कागद

खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ओढ्यावरचा साकव (लहान पूल), शाळेत एकच मास्तर, म्हाताऱ्या माणसांचा थांबलेला पगार (पेन्शन) आणि मळ्यातला जळका टीसी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), ही सगळी गाऱ्हाणी एकाच निवेदनात लिहून, खाली गावच्या सह्या घेऊन आमदारांकडे जायचं तुम्ही ठरवलंय. जरूर जा. पण एका निवेदनात चार कामं घालू नका. आमदारांचं कार्यालय निवेदनाला पत्र जोडून ते कुठल्या तरी एका खात्याकडे धाडतं. ते खातं आपल्यापुरतं बघतं आणि बाकीची तीन कामं त्याच फायलीत पडून राहतात. चार कामांचे चार कागद करा. प्रत्येकावर कुठल्या खात्याचं काम आहे ते लिहा आणि प्रत्येकाची पोच वेगळी घ्या. पोच म्हणजे नुसता शिक्का नव्हे, त्यावर इनवर्ड नंबर आणि तारीख हवी. पुढे विचारायला गेलात की तो नंबरच उपयोगी पडतो.

भाषेचं विचारलंस. घटनेच्या ३५० व्या कलमानं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. मराठीत लिहायचा हा हक्क आपण कधीच सोडू नये. मात्र टेबलावरच्या क्लार्कला मराठी वाचता येत नसेल तर कागद भाषांतराच्या नावाखाली महिनाभर पडून राहतो आणि त्यात नुकसान गावाचं होतं. म्हणून मूळ निवेदन मराठीत आणि मागे त्याची कन्नड प्रत, अशी जोडी दे. कन्नड प्रतीत गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि माणसांची नावं आधार कार्डावर जशी आहेत तशीच उतरव. अर्धे घोटाळे या नावांतच होतात.

आता साकव. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण चार कामांत हेच सर्वांत अवघड आहे.

आमदार फंडातून होईल असं तुम्ही धरून चाललाय. कर्नाटकात एका आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला २ कोटी मिळतात. आपल्या तालुक्यात दोनशेहून जास्त गावं आहेत. सारखे वाटले तर गावाला एक लाखही येत नाहीत, आणि एक लाखात साकव होत नाही. शिवाय या फंडात आमदार फक्त शिफारस करतात. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची असते. नंतर पंचायत राज इंजिनिअरिंग खात्यासारखी एजन्सी एस्टिमेट करते, तांत्रिक मंजुरी घेते आणि मग काम सुरू होतं. म्हणून आमदारांकडे फंड मागण्यापेक्षा साकवाचं एस्टिमेट करून घ्यायला सांगा. एस्टिमेट तयार असलं की कुठल्याही हेडखाली (योजनेच्या खात्यात) पैसे आले तरी काम बसवता येतं. एस्टिमेट नसलेल्या गावाला वर्षाच्या शेवटी उरलेला पैसाही मिळत नाही.

एस्टिमेट बरोबर व्हायचं तर इंजिनिअर येण्याआधी तुम्ही तीन गोष्टी तयार ठेवा. ओढ्याला मोठा पूर येतो तेव्हा पाणी कुठवर चढतं, त्याची खूण दोन्ही काठांवरच्या झाडांवर रंगानं करून ठेवा. इंजिनिअर डिसेंबरात येतो, तेव्हा ओढ्यात गुडघाभर पाणी असतं आणि त्यावरूनच तो पुलाची उंची धरतो. जुलैतल्या पुराचे तारीख आणि जागा दिसणारे मोबाईल फोटो जोडा. आणि पाईप घालून देतो म्हणाला तर हो म्हणू नका. जंगलातल्या ओढ्याला ओंडके, फांद्या, पालापाचोळा वाहून येतो. सिमेंटचे ह्यूम पाईप त्यानं पहिल्याच मोठ्या पावसात तुंबतात, पाणी बाजूनं वाट काढतं आणि दोन्ही काठांचा भराव घेऊन जातं. पाईप जाग्यावर राहतात, पण रस्ता जातो. बॉक्स कल्व्हर्ट (काँक्रीटची चौकोनी मोरी) किंवा स्लॅबचा साकव मागा आणि काठाचं पिचिंग (दगडी अस्तर) एस्टिमेटमध्ये आहे का ते वाचून बघा. पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथंच लागते.

खरी अडचण जमिनीची. ओढ्याचा एक काठ वनखात्याच्या हद्दीत आहे, हे तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंस, पण काम अडेल ते तिथंच. कित्येक ठिकाणी भूमिपूजन होतं, खडी पडते आणि मग वनखातं काम थांबवतं. त्यात वनखात्याची चूक नसते, आधी परवानगी घेतलेली नसते. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावासाठीची १३ प्रकारची कामं आहेत. रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, वीज आणि टेलिफोनच्या तारा, पाण्याची पाईपलाईन, तळं ही सगळी त्यात येतात. दर कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील, तर दिल्लीपर्यंत जावं लागत नाही. विभागीय वनाधिकाऱ्यांच्या पातळीवर परवानगी होते. पाच मीटर रुंदीचा रस्ता धरला तर एक हेक्टरात दोन किलोमीटर होतो. तुमचा साकव आणि त्याचे दोन्ही बाजूंचे पोचरस्ते त्यात आरामात बसतात.

पण यासाठी ठराव हवा, आणि तो ग्रामपंचायतीच्या बैठकीतला चालत नाही. गावच्या ग्रामसभेचा लागतो, आणि तिला निम्मे तरी प्रौढ हजर हवेत. निम्म्यांचा आकडा आधी मतदार यादीवरून काढून ठेवा. हजेरी वहीवर सही किंवा अंगठा आणि पुढे नाव स्वच्छ लिहा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडल्यामुळे परत आलेल्या फायली पुष्कळ आहेत. ठराव झाला की ज्या खात्याचं काम असेल त्याच्याकडून अर्ज वनखात्याच्या रेंज ऑफिसरकडे जातो, ते जागा पाहून अहवाल वरच्या वनाधिकाऱ्यांना देतात. आमदारांनी जोर लावायचा तो इथं. तालुक्याच्या बैठकीत एका बाजूला इंजिनिअर आणि दुसऱ्या बाजूला रेंज ऑफिसर बसवून, जागा कधी पाहणार त्याची तारीख घ्यायची. भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांना आणखी नियम लागतात. तुमचं गाव बाहेर आहे, हे नशीब समज.

ही बैठक म्हणजे केडीपी, कर्नाटक डेव्हलपमेंट प्रोग्रामची आढावा बैठक. आमदारांच्या हातातलं सगळ्यांत मोठं हत्यार तेच, असं मला मनापासून वाटतं, आणि लोकांना त्याची कल्पनाच नसते. तालुका पातळीवरची आढावा बैठक तीन महिन्यांनी होते, अध्यक्ष आमदार असतात आणि सगळ्या खात्यांचे अधिकारी तिथं असतात. तिथं अधिकाऱ्यानं दिलेला शब्द इतिवृत्तात जातो आणि पुढच्या बैठकीत त्याचं काय झालं ते सांगावं लागतं. नुसतं पत्र गेलं तर उत्तर द्यायची कुणाला घाई नसते. म्हणून निवेदन देताना आमदारांच्या पीएला सांग, 'हा विषय केडीपीला घ्या.' बैठकीआधी आठ दिवस अर्ध्या पानाचं टिपण दे. त्यात गाव, काम, खातं, आधीच्या अर्जाचा नंबर-तारीख आणि नेमकं काय हवं एवढंच असू दे. बैठकीनंतर इतिवृत्ताची प्रत मागून घे.

शाळेचं. 'मराठी शिक्षक द्या' एवढंच लिहिलंत तर जागा नाहीत असं उत्तर येईल. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत. निवेदनात हे लिहा, सोबत पटसंख्या लिहा. पण त्याआधी शाळा सुधारणा समितीनं एक गोष्ट तपासावी. वर्गात बसणाऱ्या प्रत्येक मुलाचा एसएटीएस (सरकारच्या संगणकावरच्या विद्यार्थी नोंदीचा) क्रमांक आहे का आणि तो याच शाळेवर आहे का? दुसऱ्या गावाहून आलेल्या मुलांची नोंद जुन्या शाळेवरच राहते. मग संगणकावर पट कमी दिसतो आणि शिक्षकाची जागा त्या आकड्यावर ठरते. ते दुरुस्त झाल्याशिवाय आमदार काही करू शकत नाहीत. या वर्षापुरता अतिथी शिक्षक मिळू शकतो, त्याचं निवेदन शाळा सुरू व्हायच्या सुमाराला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायला हवं. आणि तालुक्यात मराठी माध्यमाच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, हा प्रश्न आमदारांनी सभागृहात विचारावा असं सुचव. हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये असतं, पण प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा कागद त्यांच्या हातात ऑक्टोबरातच पडू दे. लेखी उत्तर आलं की तो आकडा सरकारचाच होतो, मग कुणाला नाकारता येत नाही.

म्हाताऱ्यांच्या पगारासाठी आमदारांकडे जाऊच नकोस. संध्या सुरक्षाचा, म्हणजे सरकारच्या वृद्ध पेन्शन योजनेचा, पगार बहुधा संगणकात अडतो. आधार बँकेला जोडलेलं नसतं, किंवा दुसऱ्याच एखाद्या खात्याला जोडलेलं असतं आणि पैसे तिकडे जातात, किंवा बरेच दिवस व्यवहार नसल्यानं खातं बंद पडलेलं असतं. आधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते विचार, मग पासबुक घेऊन नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) जा. नाव आधारवर एक आणि रेशन कार्डावर एक असेल तर आधी ते दुरुस्त कर. हे काम फार तर दोन-तीन दिवसांचं आहे, आणि ती माणसं महिनोन्‌महिने वाट बघत बसतात, याचं वाईट वाटतं.

टीसी जळला की १९१२ या फोन नंबरवर तक्रार नोंदवून नंबर घ्यायचा. नवा बसवल्यावर परत का जळतो ते मात्र गावानं बघायचं. ६३ केव्हीएच्या टीसीवर ५ एचपीचे दहा-अकरा पंप चालतात. तुमच्या मळ्यात किती आहेत ते मोज. जास्त असतील तर टीसी बदलून उपयोग नाही, जादा टीसीची मागणी हेस्कॉमकडे (आपल्या भागातल्या वीज कंपनीकडे) करायला हवी, आणि त्यात प्रत्येक पंपाचा आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) लागतो. बिननंबरचे पंप मोजणीत धरले जात नाहीत.

काकांच्या जमिनीचंही विचारलंयस. सरकारी पडीक जमीन कसत असतील तर प्रकरण बगर हुकूम समितीकडे (विनापरवाना कसलेली सरकारी जमीन नियमित करणाऱ्या समितीकडे) जातं, तिचे अध्यक्ष आमदारच असतात. पण जमीन वनखात्याची असेल तर त्या समितीला अधिकार नाही. तिथं वनहक्काचा दावा लागतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा आणि आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा. उताऱ्यावर काय लिहिलंय ते आधी बघ.

ग्रामसभेची तारीख ठरली की कळव. साकवाच्या जागेचा सर्व्हे नंबर आणि गावनकाशाचा फोटो पाठव, ठरावाचा मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून देतो.

तुझा मित्र