घोडखिंड फायनल

पुणे, १७ ऑगस्ट २०२५

दिग्या लेका,

काल रात्री पावणेदोनला बाजी वाचले.

तुझ्या दोन फोनना आणि त्या लांबलचक व्हॉइस मेसेजला सात महिने उत्तर दिलं नाही, त्याबद्दल शिव्या नंतर घाल. कारण काही नाही, आळस. तब्येत ठीक, शुगर जरा वर आहे, गोळी चालू. हे आधी वैशालीला सांगितलं, ती म्हणाली "बरं, मग?" पप्याला फोन केला तर तो जेवत होता, म्हणाला "कुठले बाजी?" म्हणून तुला लिहितोय. फोनवर तू मधे मधे बोलतोस.

घर बदलताना सीडींचं ते निळं पाकीट निघालं. त्यात सगळ्यात मागे तुझ्या अक्षरात, मार्करनं: 'घोडखिंड फायनल'. एज ऑफ एम्पायर्स गेममध्ये आपण केलेली बाजींची कॅम्पेन, म्हणजे लढायांची मालिका. ही सीडी पप्यानं सोमवारी माझ्या हातात दिली होती आणि मी ती बॅगेत टाकून पुण्याला आलो होतो. बावीस वर्षांत एकदाही उघडली नाही. का, ते तुला माहीत आहे. शेजारच्या पोराकडून सीडी ड्राइव्ह मागून आणला. तीन सीडींना बुरशी, ही मात्र स्वच्छ. एज ऑफ एम्पायर्सची २०१९ची नवी आवृत्ती माझ्याकडे आहेच, तिच्या एडिटरनं, म्हणजे लढाया बनवायच्या भागानं, आपली जुनी फाइल जरा कुरकुरत का होईना उघडली. बनवणारी डॅलसची कंपनी २००९मध्ये बंद पडली आणि आपली फाइल चालते, बघ!

(आता त्यात आपल्याकडचेही लोक आलेत. २०२२मध्ये द्रविड, बंगाली, गुर्जर असे सगळे आले, राजेंद्र चोळाची कॅम्पेन आहे, बाबराची आहे. मराठे त्यातही नाहीत. म्हणजे मावळ्यांच्या जागी गेममधले केल्ट वापरायचा आपला जुगाड अजून शाबूत.)

उघडल्यावर आधी पोट धरून हसलो. निळ्या रंगानं माखलेले, उघडेबंब मावळे! केल्टांचं पायदळ पंधरा टक्के जास्त पळतं, म्हणून मावळे केल्टच पाहिजेत, हा माझा मुद्दा होता आणि तो आजही बरोबर आहे. बाजी म्हणजे नाव बदललेला विल्यम वॉलेस. राजे म्हणजे तो मुकुटवाला किंग, ज्याला तलवार धरता येत नाही. त्यावरून तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. आणि राजापूरचे टोपीकर इंग्रज! ते सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन पन्हाळ्याला आले, आणि गेममध्ये ब्रिटनांना तोफच नाही. शेवटी एडिटरमधून जबरदस्तीनं दिली. सगळे संवाद रोमन लिपीतल्या मराठीत, त्यात "रायाजी" ऐवजी तू सगळीकडे "रायजी" टाइप केलंयस. तीनशे बांदलांच्या जागी तीस, कारण चौसष्ट एमबी रॅमला त्याहून जास्त झेपायचे नाहीत.

पहिले दोन भाग तासाभरात झाले. शिवा काशीदच्या भागात अजूनही घशाला कोरड पडते, मान्य करतो, तो भाग तुझाच आणि तो आपल्या सगळ्या कामात सरस आहे. दोन किंग, दोन वाटा, आणि सिद्दी मसूदची स्वारी चुकीच्या किंगच्या मागे. तो पकडला गेल्यावर नुसती स्क्रीन थांबते, एक ओळ नाही. मी तिथं भाषण घालणार होतो. बरं झालं घातलं नाही.

मग घोडखिंड.

आपलं ठरलेलं काय होतं? विशाळगडावर तोफ वाजली की बाजी पडायचे. तुझा ट्रिगर, म्हणजे अमुक झालं की तमुक होणार असा गेमला घातलेला नियम: राजे गडाच्या चौकात पोचले की तोफ, तोफ वाजली की 'किल ऑब्जेक्ट', विषय संपला. ट्रिगरला तू नाव दिलं होतंस 'इतिहास'. मी म्हणत होतो की एखाद्यानं जीव तोडून खेळून तोफेपर्यंत बाजींना टिकवलं, तर वरून देवासारखं येऊन त्यांना मारणारे आपण कोण? तू म्हणालास, १६६० साली बाजी पडले, तुला ते उठवायचे असतील तर दुसरी गेम काढ. मी म्हणालो, मग पिक्चर काढ, लोकांच्या हातात माउस कशाला देतोस? इथपर्यंत भांडण चांगलं होतं. दोघांचंही बरोबर होतं. पुढचं वाक्य मी बोललो. "तू पत्रिका टाइप कर, गेम तुझं काम नव्हे." आप्पांच्या दुकानात, आप्पांच्या मशीनवर, तू बारावीनंतर का बसला होतास ते सगळं माहीत असताना. पप्या तेव्हा चहा आणायला गेला होता, म्हणून त्याला आजही वाटतं आपण किंगच्या मुकुटावरून भांडलो.

तर काल. खिंडीच्या अलीकडे, पांढरपाण्यापाशी, एक मेंढी उभी दिसली. मी तिथं मेंढी ठेवली नव्हती. माझी सवय तुला माहीत आहे. गेममध्ये मेंढी हातात आली की बाकीचे खायला कापतात, मी कापत नाही, पुढं पाठवतो, टेहळणीला. तू आणि पप्या हसायचात, "बाप्याचं हेर खातं". काल हात आपोआपच तिच्यावर गेला. मेंढी खिंडीत शिरली, मसूदची माणसं दिसली, मी बांदल दोन्ही अंगाला लावले, राजांना पुढं काढलं. आठ लाटा. तिसाचे सात उरले. बाजी लाल रेषेवर. तोफ वाजली.

आणि बाजी उभेच!

मी म्हटलं, नवीन आवृत्तीत तुझा ट्रिगर मोडला असणार. तेवढ्यात उजवीकडच्या जंगलात, जिथं आपण कधी काहीच केलं नव्हतं, तिथं एक वाट दिसली. एक एक झाड काढून केलेली, वळणं घेत गडापर्यंत जाणारी. बाजी आणि सात माणसं चालायला लागली. मधे एक घर, त्याच्या दारात एक म्हातारा, नाव 'चहावाला'. आपल्या ट्रेकला आंबेवाडीच्या पुढं पावसात ज्यानं जळवांना मीठ दिलं होतं, तोच ना? चहाचे पैसे मी दिले होते, तुझे अजून बाकी आहेत.

मग एडिटर उघडून ट्रिगरांची यादी बघितली. सगळ्यात शेवटी एक नवा. नाव: 'बाप्याचा हट्ट'. कंडिशन: मेंढी खिंडीत पोचली पाहिजे. इफेक्ट एकच: 'इतिहास' बंद.

दिग्या, ही कॅम्पेन जगात कुणालाही दिली असती तरी त्यानं ती मेंढी खाल्ली असती. बाजी त्याच्या हातून पडलेच असते, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. फक्त माझ्या हातून वाचले असते. आणि मी सीडी उघडली नाही.

आता खरा त्रास ऐक. काल रात्रीपासून मला एकच किडा चावतोय: हे तू कधी केलंस? भांडण शुक्रवारी झालं. सीडी सोमवारी मिळाली. शुक्रवारच्या आधी केलं असशील, तर तू माझी गंमत करणार होतास, आणि तास दीड तास नुसता नाटक म्हणून भांडलास, आणि मी ते वाक्य बोललो. नंतर केलं असशील, तर ते वाक्य ऐकून घरी गेलास आणि मग परत येऊन हे केलंस. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येईना.

फाइलची तारीख बघितली. १ जानेवारी २०००! आपण वापरलेली गेमची कॉन्करर्स आवृत्ती बाजारात आली त्या साली ऑगस्टमध्ये, म्हणजे आपण गेमच्या आधीच कॅम्पेन केली. मग आठवलं, आप्पांच्या मशीनची बॅटरी मेली होती. रोज सकाळी एफ-वन दाबून चालू करायचं, आणि घड्याळ दर वेळी २००० सालच्या पहिल्या मध्यरात्रीवर. पत्रिकांवरच्या तारखा बरोबर आणि मशीनची चूक. तारीख गेली, पण वेळ बघ: पाच वाजून बारा मिनिटं. म्हणजे मशीन चालू करून पाच तास बारा मिनिटांनी तू शेवटचं सेव्ह केलंस. यूपीएस नावालाच होता, मधे लाईट गेली असती तर घड्याळ परत शून्यावर आलं असतं. म्हणजे सलग पाच तास. मार्च महिना, लगीनसराई, दुकानात माणसांची रांग. असं पाच तास रिकामं मशीन तुला कधी मिळालं असेल? दोनदाच. गुरुवारी, आप्पा नृसिंहवाडीला जायचे तेव्हा. नाहीतर रविवारी.

रविवार म्हणजे २३ मार्च २००३, वर्ल्ड कपची फायनल. दीड वाजल्यापासून अख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर. सचिन पहिल्याच ओव्हरला गेला, तेव्हा आमच्या गल्लीत कुणीतरी रेडिओ फोडला. तू आजवर सगळ्यांना सांगत आलायस की फायनल मामाकडे इचलकरंजीला बघितली, पाँटिंगच्या १४० धावा डोळ्यांनी बघितल्या, आणि गांगुलीनं टॉस जिंकून आधी बॅटिंग घ्यायला पाहिजे होती. हे तर सोमवारचा पेपर वाचूनही म्हणता येतं. तुझ्या तोंडून मार्टिनचं नाव मी कधी ऐकलं नाही. अठ्ठ्याऐंशी नाबाद काढले होते त्यानं. मॅच बघितलेला माणूस मार्टिनला शिव्या घालतोच घालतो.

आणखी एक. बाजी गडावर पोचले, राजांच्या शेजारी उभे राहिले, आणि पुढं काही नाही. विजयाची पाटी येत नाही. मी चाळीस मिनिटं गेम तशीच चालू ठेवली. सात माणसं उभी, मेंढी खाली खिंडीत. यादी परत बघितली, विजयाचा इफेक्ट 'इतिहास'ला जोडलेला, आणि तो तर बंद. हे विसरलास? का मुद्दाम? बाजी पाहिजेत तर घे, पण जिंकलास असं मी म्हणणार नाही, असं काही? तुझा स्वभाव बघता दुसरं वाटतंय. ओम म्हणाला, "बाबा, बग आहे, दुरुस्त करा." दोन मिनिटांचं काम आहे. मी हात लावलेला नाही.

तुझ्याकडचं काय? मस्कतचा व्हिसा झाला का रिन्यू? सईचं दहावीचं वर्ष ना हे, तिला सांग काकानं आठवण काढली, गणिताचं काही अडलं तर फोन कर म्हणावं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करताय असं पप्या म्हणाला, डॉक्टर कोण, किती दिवस लागणार, सगळं कळव. मी येऊन जाईन. आप्पांना नमस्कार. ते मशीन त्यांनी भंगारात घातलं का रे?

मार्टिन वगैरे पुरावे जाऊ दे. गुरुवार म्हणालास तरी मी मानेन, रविवार म्हणालास तरी मानेन. काकूंचं सावकाश लिही, आधी वार सांग.

तुझा,
बाप्या